वाडीच्या चुलीचा आणि दिव्याचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी बाहेरच्या एखाद्या विदुषीचे व्याख्यान होते. यंदा कार्यकारिणीने ठरवले की, आपल्यातल्याच एकीने बोलावे. चिठ्ठी टाकली आणि ती माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणून मी आयुष्यात हळदीकुंकवाचे आभार तेवढे मानले आहेत. तेव्हा पुस्तकातले काही सांगण्यापेक्षा माझ्या माहेरी जे घडले आणि त्यावरून आम्ही बायका जे शिकलो, ते सांगावे असे मी ठरवले. विषयाला मोठे नाव द्यायचे तर ‘गावाचे ऊर्जा-नियोजन’ असे म्हणतात. मी त्याला चुलीचा आणि दिव्याचा हिशेब म्हणते.

माझे माहेर मंडणगड तालुक्यातले. बत्तीस घरांची वाडी. वर डोंगर, मध्ये घरे आणि खाली पऱ्याच्या काठी विहीर. मी चौथीत असताना वाडीत वीज आली. त्या दिवशी आम्ही पोरींनी चिमण्यांच्या काचा शेवटच्या पुसल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. पुढे विहिरीवर पंप बसला, वर टाकी झाली, दारात नळ आले. मग विहिरीचा रहाट कोणाला हवा? तो काढला, त्याची लाकडे कुणाच्या तरी गोठ्याला लागली. आम्हाला वाटले, हंडे-कळश्यांचे दिवस संपले.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढले आणि मंडणगड-दापोलीला त्याने झोडपून काढले, हे आपणां सर्वांना आठवत असेलच. त्यात करोनाची टाळेबंदी. एसटी बंद. मी इथे रत्नागिरीत, आणि माहेरचा एकही फोन लागेना. मनोरेही पडलेले आणि मोबाईल चार्ज करायला वीजही नाही. नवव्या दिवशी पत्रे आणि ताडपत्री घेऊन निघालेल्या एका टेम्पोत मला आणि आमच्या घरच्यांना जागा मिळाली.

वाडी ओळखू येईना. पोफळी मोडलेल्या, आंबे मुळासकट आडवे, घरांची कौले अंगणात. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या आईचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. वादळात तिला काही झाले नव्हते. वादळानंतर पाचव्या दिवशी विहिरीवरून कळशी आणताना पाखाडीच्या ओल्या चिऱ्यावरून ती घसरली आणि मनगट मोडले. पासष्टीची बाई वीस-बावीस वर्षांनी पुन्हा पाखाडीने कळशी घेऊन चढत होती. पंपाला वीज नाही, म्हणून नळ कोरडे. विहिरीला रहाट नाही, म्हणून दोरी-बादलीने हात सोलवटेपर्यंत ओढायचे. जूनमधली विहीर, पाणी तळाला गेलेले. पागोळ्यांचे पाणी धरावे म्हटले तर छपरेच उडालेली.

भगिनींनो, नऊ दिवस त्या वाडीत अंधार होता. पण एकाही बाईने माझ्यापाशी अंधाराची तक्रार केली नाही. प्रत्येकीने पाण्याची केली. दुसरी तक्रार गिरण बंद असल्याची आणि तिसरी ओल्या लाकडांची. झाडे इतकी पडलेली, पण सगळी हिरवी. ती जळत नव्हती, नुसती धुरत होती. सिलिंडर घेऊन येणारी गाडी रस्ता बंद असल्यामुळे येत नव्हती.

बाराव्या दिवशी कुठून तरी भाड्याचा डिझेल जनरेटर आला. तो दररोज एक तास चालवायचा आणि त्यावर विहिरीचा पंप लावायचा, असे ठरले. आणि त्या एका तासात वरची टाकी भरली! सगळ्या वाडीला पुरेसे पाणी मिळाले. वीज आली ती सत्ताविसाव्या दिवशी. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले लाईनमन भर पावसात खांबावर चढत होते, त्यांचे उपकार वाडी विसरणार नाही.

माझा भाचा आयटीआयला वायरमनचे काम शिकला आहे. मी त्याला विचारले, “अरे, एका तासात पंप किती वीज खातो?” तो म्हणाला, “आत्या, दोन हॉर्सपॉवरचा पंप आहे. तासाला दीड युनिट.” माझा विश्वास बसेना. म्हणून त्याने मला वहीवर हिशेब करून दाखवला. वाडीत माणसे एकशे दहा. माणशी पंचावन्न लिटर धरले तर दिवसाला सहा हजार लिटर पाणी. ते पस्तीस मीटर वर चढवायचे. पंपात जी शक्ती वाया जाते ती धरूनसुद्धा दीड युनिट पुरते. इथे आपल्या न्हाणीघरात दोन किलोवॅटचा गीझर पाऊण तास चालू राहिला की दीड युनिट संपते. म्हणजे माझ्या घरच्या दोन-तीन आंघोळींची वीज नव्हती, म्हणून एक अख्खी वाडी इतके दिवस अडली होती आणि माझ्या आईचा हात मोडला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता एक विसंगती पाहा. आपला रत्नागिरी जिल्हा विजेला काही गरीब नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आणून चिपळूण तालुक्यात पोफळी-अलोऱ्याला वीज करतात आणि मग ते पाणी वाशिष्ठीला सोडतात. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे आणि तिचा बहुतेक भाग आपल्या जिल्ह्यात आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेलला वायूवर चालणारा जवळजवळ तेवढ्याच क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॅटचा आहे. इतकी यंत्रे या एका जिल्ह्यात बसली. पण ती वीज उंच मनोऱ्यांवरून आधी लांब जाते आणि मग फिरून, बारीक बारीक तारांनी, झाडाझुडपांतून आपल्या वाडीत येते. शेवटचे दहा खांब पडले की वरची हजारो मेगावॅट आपल्या कामाची नाहीत. घागर भरलेली आहे, पण दोरी तुटली आहे, अशी ती गत.

त्या वर्षी गणपतीला चाकरमानी आले. आधी शाळेत विलगीकरणात राहिले आणि मग देवळात सभा भरली. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी जमवली होती. पुरुषमंडळींनी ठराव आणला की, वाडीत सोळा सौरदिवे उभे करावेत, म्हणजे पुन्हा वादळ आले तरी अंधार होणार नाही. हेतू चांगलाच होता. ठराव मंजूर होणार इतक्यात मागे बायकांत बसलेली माझी आई, हात गळ्यात बांधलेला तसाच, उभी राहिली आणि म्हणाली, “दिव्याखाली माझा रिकामा हंडा दिसंल बाबांनो. त्यात पानी येनार हाय काय?”

सभेत कोणी बोलेना. मग एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, “मग काय करावे म्हणता, वहिनी?” आई म्हणाली, “आधी मोजा. कोन काय जाळतो, कोन काय वाहतो, ते मोजा. मग पैसा खर्चा.”

त्याप्रमाणे मोजायचे ठरले. पुरुषांनी मोजले असते तर विजेची बिले मोजली असती. पण बिल येते ते फक्त विजेचे आणि सिलिंडरचे. डोक्यावरून आणलेल्या लाकडाचे बिल येत नाही. म्हणून हे काम बायकांकडे आले. शाळेच्या वह्या घेतल्या, एक ताणकाटा आणला. गणपतीपासून शिमग्यापर्यंत आठ-आठ घरांचा एक गट करून दर आठवड्याला एक दिवस प्रत्येक घराची नोंद माझ्या भावजयीने आणि तिच्या तीन जोडीदारणींनी केली. मी दर महिन्या-दीड महिन्याने जाऊन ती नोंद नीट उतरून घेत असे.

हिशेब शिमग्याला पुरा झाला आणि आमचीच बोटे तोंडात गेली. बत्तीसांपैकी सत्तावीस घरी सिलिंडर होता, तरी प्रत्येक घरी चूल पेटत होतीच. चहा-भाजी सिलिंडरवर, पण आंघोळीचे पाणी, उकडा तांदूळ, गुरांचे आंबोण हे सारे लाकडावर, झावळ्यांवर, सोडणांवर. घरटी दिवसाला सरासरी सहा किलो. बत्तीस घरांचे मिळून दररोज एकशे नव्वद किलोच्या वर. भाच्याने सांगितले की, एक किलो सुक्या लाकडात चार युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे चुलीत आम्ही दिवसाला साडेसातशेहून अधिक युनिट उष्णता जाळत होतो आणि त्यातली बहुतेक भिंतीला, आढ्याला आणि आमच्या डोळ्यांना लागत होती. आणि दिव्यांना? घरटी नऊ वॅटचे दोन दिवे चार तास लावले, तर सगळ्या वाडीला सव्वादोन युनिट पुरे.

सांगायचे तात्पर्य असे की, दिवा लहान आहे आणि चूल फार मोठी आहे. पण सभेतल्या ठरावात दिवा मोठा होतो आणि चूल दिसतच नाही. कारण चुलीचा भार ज्यांच्या डोक्यावर आहे, त्या सभेत मागे बसतात.

दुसरे असे दिसले की, सिलिंडर, विजेची बिले आणि गाड्यांचे पेट्रोल मिळून वर्षाकाठी सुमारे पाच लाख रुपये त्या लहानशा वाडीतून बाहेर जात होते. बहुतेक पैसा मुंबईहून मनीऑर्डरसारखा यायचा आणि तसाच परत जायचा.

आता हिशेबानंतर काय केले ते सांगते. पहिले काम पाण्याचे. विहिरीवर रहाट पुन्हा बसवला. त्याला खर्च फारसा आला नाही, आणि लाज मात्र थोडी वाटली, की हाताने चालणारी वस्तू आपणच मोडून टाकली होती. पण तो रहाट दोनच महिन्यांनी कामास आला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले तेव्हा चार दिवस वीज नव्हती आणि वाडी रहाटावर निभावली. पुढच्या थंडीत विहिरीच्या पंपासाठी दोन किलोवॅटचे सौरपत्रे बसले. उन्हाळ्यात किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट मिळतात, भर पावसात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. पण आपल्याला हवे दीडच युनिट, तेव्हा ढगाळ दिवशीही टाकी बऱ्यापैकी भरते. हे पत्रे टाकीवर उंच न लावता शाळेमागच्या वळचणीच्या जागी खाली लावले आणि ते बोल्टांनी असे कसले आहेत की, वादळाची सूचना मिळाली तर चार माणसांनी सोडवून शाळेत ठेवावेत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्यापैकी कित्येकजणी घरावर सौरपत्रे बसवण्याच्या विचारात आहेत. आमच्या वाडीत एका चाकरमान्याच्या नव्या घरावर २०२० सालीच पत्रे होते. वादळात ते टिकलेही. पण त्या घरात आमच्याइतकाच अंधार होता! कारण वीजवाहिनीला जोडलेले साधे पत्रे वाहिनी बंद पडली की आपोआप बंद होतात. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला उलटी वीज लागून तो दगावू नये म्हणून ती सोय केलेली असते, आणि ती योग्यच आहे. पण वादळात दिवा हवा असेल तर बॅटरीची वेगळी जोडणी लागते, तिला वेगळा खर्च येतो, हे आधी विचारून घ्यावे. २०२४ साली केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना काढली. तिच्यात एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरवले. बिल कमी करण्यास ती उत्तम आहे. पण बिल कमी होणे एक आणि संकटात वीज असणे दुसरे.

दुसरे काम चुलीचे. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे होती अशा सात घरांनी गोबरगॅस बांधला. दोन घनमीटरच्या गॅसला दररोज पन्नासेक किलो शेण लागते आणि चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. आपल्या कोकणी गाई लहान चणीच्या, शेण कमी देतात, म्हणून पाच जनावरे असली तर बरे. ही काही नवी विद्या नाही. ज्यांना कोकणचे गांधी म्हणत, त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचे खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले. तेव्हा कणकवली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. आज त्याच सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या झाराप येथील भगीरथ प्रतिष्ठानने हजारो घरांत बायोगॅस पोचवला आहे. आमच्या वाडीतल्या बायका तिकडची घरे पाहून आल्या, तेव्हा कुठे त्यांच्या सासवांचा शेणाच्या गॅसवर भाकरी भाजण्याला असलेला विरोध मावळला.

बाकीच्या घरांनी न्हाणीतले चुलाण बदलले. आत जाळी आणि मागे धुराडे घातले. लाकूड किती वाचले? पुन्हा ताणकाटा लावला, तेव्हा सहाचे साधारण चारवर आले. आकडा लहान दिसेल, पण वर्षाला घरटी सात क्विंटल लाकूड कमी झाले, म्हणजे कितीतरी भारे डोक्यावरून उतरले.

तिसरे काम दिव्यांचे. सोळांऐवजी दोनच सौरदिवे उभारले. एक विहिरीवर आणि एक पाखाडीच्या त्या वळणावर, जिथे आई पडली होती. उरलेल्या पैशांतून घरटी एक सौरकंदील घेतला आणि मोबाईल चार्ज करण्यासाठी शाळेत एक बॅटरी ठेवली.

सगळे गोड झाले असे मात्र मी सांगणार नाही. सात गोबरगॅसांपैकी एक बंद पडला, कारण त्या घरच्या म्हाताऱ्याने गुरे विकली. शाळेतली पहिली बॅटरी दोन वर्षांतच गेली. तिच्यात पाणी कोणी घालायचे हे कोणीच ठरवले नव्हते. दुरुस्तीसाठी घरटी महिना पन्नास रुपये जमवतो, तो फंड एका वर्षी तरुण मंडळींनी क्रिकेटच्या सामन्यांसाठी ‘उसना’ घेतला आणि तो परत मिळवायला आठ महिने लागले. तेव्हापासून फंडाचे पासबुक दोन बायकांच्या नावे आहे. यंत्र बसवणे सोपे. ते कोणाचे, बिघडले तर कोण पाहील आणि पैसा कुठून येईल, हे ठरवणे कठीण. पण ते ठरवले नाही तर यंत्राचे भंगार होते.

हा प्रश्न आपल्याच कोकणापुरता आहे, असे मला आधी वाटे. माझ्या मुलीने वाचून दाखवले तेव्हा कळले की, जगाच्या टोकाचे लोकही याच विचारात आहेत. कॅनडाच्या उत्तरेला युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो नावाचे आदिवासींचे गाव आहे. तिथे रस्ताच जात नाही. वीज डिझेलवर, आणि डिझेल विमानाने यायचे! आमच्या भाड्याच्या जनरेटरची ती कायमची आवृत्ती म्हणा. त्या गावाने २०२१ साली ९४० किलोवॅटचे सौरपत्रे सुरू केले. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य असतो, तेव्हा डिझेलची यंत्रे बंद ठेवता येतात. हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तेव्हा डिझेल लागतेच. त्यांचा अंधार हिवाळ्यातला, आपला पावसाळ्यातला, एवढाच फरक.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचे बेट आहे. वस्ती शंभरेक माणसांची. लोकांनी १९९७ साली वर्गणी जमवून ते बेटच विकत घेतले आणि २००८ साली ओढ्याचे पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींची वीज एकत्र करून घरोघरी दिली. त्यांचा एक नियम मला फार आवडला. कोणत्याही घराने एका वेळी पाच किलोवॅटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही; धंदा असेल तर दहा. घर श्रीमंताचे असो की गरिबाचे, मर्यादा एकच. आपल्याकडे पंगतीला वाढपी जसा सगळ्यांना सारखे वाढतो, तसेच हे.

आणि फार लांब कशाला जायला हवे? पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्याच्या डोंगरात दरेवाडी म्हणून आदिवासी वाडी आहे. तारा तिथवर पोचल्या नव्हत्या. २०१२ साली ग्राम ऊर्जा या पुण्याच्या संस्थेने बॉश कंपनीच्या साहाय्याने तिथल्या चाळीसेक घरांसाठी सुमारे साडेनऊ किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र उभारले. घरोघरी मीटर बसवले आणि गावकऱ्यांच्याच न्यासाकडे कारभार दिला. फुकट कोणालाच नाही. जो जितकी वापरेल तितके देईल, आणि तो पैसा गावातच दुरुस्तीसाठी राहील. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. कोयनेचे धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या गावाने स्वतःच्या छपरावर वीज करायचे मनावर घेतले, याचा मला अचंबा वाटला.

या सगळ्यांकडून मी एकच गोष्ट घेतली. एका साधनावर सगळे ओझे टाकायचे नाही. ऊन आहे तेव्हा ऊन, शेण आहे तिथे गॅस, तार आहे तोवर तार, आणि काहीच नसेल तेव्हा रहाट. आमच्या वाडीला अजून एक गोष्ट साधायची आहे. पावसाळ्यात ऊन नसते, पण पऱ्या फुगलेला असतो. भाच्याने मोजले की, सेकंदाला दहा लिटर पाणी वीस मीटर खाली पाइपातून सोडले, तर एखादा किलोवॅट वीज रात्रंदिवस मिळेल. आठ महिने ऊन आणि चार महिने पाणी, अशी जोडी जमली तर किती छान! पण पऱ्यातून दगडगोटे आणि पालापाचोळा वाहून येतो, यंत्र कसे टिकेल याचे उत्तर मिळालेले नाही. ते मिळाले की मी इथे येऊन सांगेन.

आता आपल्या मंडळाविषयी. आपण शहरात राहतो, आपल्याला पऱ्या नाही की गोठा नाही. म्हणून हे आपले काम नव्हे, असे कृपा करून समजू नका. आपल्या आळीत पाण्याची टाकी पंपाशिवाय भरत नाही. कोणाच्या घरी आजोबांना ऑक्सिजनचे यंत्र आहे, कोणाच्या शीतपेटीत इन्सुलिन आहे. चौथ्या मजल्यावर गुडघे दुखणाऱ्या काकू आहेत, त्यांची लिफ्ट बंद पडली तर त्यांना खाली कोण आणील? हे सगळे आपल्याला ठाऊक आहे, पण एका कागदावर लिहिलेले कुठेच नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. प्रत्येक सभासद भगिनीने एक महिनाभर वही ठेवावी. तीत पाचच गोष्टी लिहाव्यात. पहिली, घरात काय काय जळते आणि चालते : वीज, सिलिंडर, लाकूड, पेट्रोल, आणि त्याला पैसे किती जातात. दुसरी, त्यासाठी कोणाचे श्रम जातात. तिसरी, वीज आठ दिवस गेली तर घरात सर्वांत आधी काय अडेल. चौथी, त्या अडलेल्या कामाला किती युनिट लागतात. हे उपकरणाच्या मागच्या चिठ्ठीवरून काढता येते, हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. आणि पाचवी, वीज नसताना ते काम करण्याची कोणती जुनी सोय आपण मोडून टाकली आहे आणि ती परत आणता येईल का. आपल्या आळीतल्या तीन विहिरींवर आज सिमेंटची झाकणे आहेत, एवढेच आठवण म्हणून सांगते.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न लुटता ही एकेक वही लुटावी आणि महिन्याने रथसप्तमी उलटली की सगळ्यांनी आपापला हिशेब घेऊन यावे, असे मला वाटते. मग काय करायचे ते आपण मिळून ठरवू आणि नगरपालिकेकडे जायचे असेल तर हातात कागद घेऊन जाऊ. हिशेब असला म्हणजे मोठ्या माणसांपुढे बोलायला भीती वाटत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. नाहीतर सातवी शिकलेली बाई तुमच्यापुढे इतका वेळ उभी राहिली नसती.

माझ्या आईचे मनगट अजून पुरते वळत नाही. भाकरी थापताना ते दुखते. पण सकाळी नऊ वाजता शाळेमागे जाऊन पंपाचे बटण दाबण्याचे काम तिने दुसऱ्या कोणाला दिलेले नाही. टाकी भरली की ती घरी जाते आणि फळीवर टांगलेल्या वहीत तारखेपुढे एक रेघ मारते. मागच्या वेळी गेले तेव्हा मी त्या रेघा मोजल्या. वर्षात सहाच दिवस सुटलेले होते आणि त्या प्रत्येक दिवसापुढे तिने भाचीकडून कारण लिहून घेतले होते.